गोधडी आणि शिवणाचा कोपरा
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सत्रात केलेले भाषण)



श्रीनामदेव महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून आम्ही आपल्यापुढे चार शब्द बोलण्यास उभे आहोत. आजच्या सत्रात शिक्षण, विवाहातील खर्च, मुलामुलींच्या नोकऱ्या अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यानंतर गोधडी आणि शिवणाचा कोपरा हा विषय घेऊन कोणी उभे राहावे, याचे काहींस हसू येईल. आम्हांस स्वतःलाही ते कार्यक्रमपत्रिका वाचताना आले. शिवाय दुसरा आक्षेप असा की, शिंप्याच्या घरच्या बायकांस शिवण शिकवणारी ही कोण? आक्षेप अगदी योग्य आहे. शिवण शिकवण्याचा आमचा हेतूच नाही. ज्या घरात गावाचे कपडे वेळेवर शिवून दिले जातात, त्याच घरातील गोधडी वर्षानुवर्षे अर्धवट का पडून राहते, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस फार मोठी किंमत देऊन मिळाले आहे.

गोधडी ही वस्तू कोणास ठाऊक नाही? पुणे-नाशकाकडे तिला गोधडी म्हणतात, सातारा-कोल्हापुराकडे वाकळ. संस्कृतात कंथा हा शब्द आहे, आणि बंगालमधील कांथा ही तिचीच थोरली बहीण. तिकडच्या बायका जुन्या साडीच्या काठातील रंगीत धागे ओढून काढतात व त्याच धाग्यांनी ती साडी शिवतात. म्हणजे दोऱ्याचादेखील खर्च नाही. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी लोकांच्या बायका जी कवंदी शिवतात, तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची रंगीत फुले असतात. ती नसतील तर कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. तेव्हा जुनेराचे थर लावून त्यांवर धावदोरा घालण्याची ही विद्या आपली एकट्याची नव्हे. परंतु आपल्या नामदेव महाराजांनी गज, कात्री, सुई आणि दोरा या आपल्या धंद्याच्या साधनांतून परमार्थ सांगितला, त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात मानाने विराजमान झाली, त्या सुईदोऱ्याची लाज इतरांपेक्षा आपणांस थोडी अधिक असावयास हवी, असे आम्हांस वाटते.

आणखी एका सत्पुरुषाचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले. त्यांस पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी पंढरपुरात पुष्कळ होती. अंगावर ठिगळांची गोधडी म्हणून लोक त्यांस गोधडेबाबाही म्हणत. आणि हातात खराटा. गोधडी आणि खराटा या दोन वस्तू एकाच माणसाजवळ असाव्यात, यात काही संगती आहे असे तेव्हा आमच्या डोक्यात आले नव्हते. पुढे ते कसे आले, तेच आता सांगावयाचे आहे.

आमचे लग्न १९७४ साली झाले. सासरचे घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे संसार. दुकानात दोन पायमशिनी, मागच्या खोलीत तिसरी, आणि काज-बटणांचे काम आम्हा सासू-सुनांकडे. लग्नसराईत आणि दिवाळीपूर्वी तर कापडाच्या ढिगांतून वाट काढीत चुलीपाशी जावे लागे. आमच्या सासूबाई मोठ्या हौशी. दुपारी दुकानात वर्दळ कमी झाली की अर्धा तास त्या गोधडी घेऊन बसत. आम्ही त्यांच्या हाताखाली दोन गोधड्या शिवल्या; टाका धरावयास शिकलो तो तेव्हाच. त्यांचे एक वैशिष्ट्य आम्हांस त्या वयात फार जाचे. अर्धा तास संपला, की हाती घेतलेली ओळ पुरी असो वा नसो, त्या सुई मोजून डबीत ठेवीत, गोधडी गुंडाळून खुंटीवर टांगीत, आणि केरसुणी फिरवूनच उठत. आम्ही म्हणत असू, “आत्याबाई, उद्या पुन्हा काढावयाचीच ना? मग राहू द्या की अशीच.” त्या उत्तर देत नसत. केरसुणी मात्र आमच्या हाती देत.

१९९१ साली सासूबाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आम्हांस ट्रंकेतून चार लुगडी काढावयास लावली. दोन इरकली, एक गर्द हिरवे साधे सुती, आणि चौथे त्यांच्या नेहमीच्या वापरातले जांभळे, पार मऊ झालेले. “चार नातवंडांना चार गोधड्या होतील,” त्या म्हणाल्या. “वरचा आणि खालचा थर माझ्या लुगड्याचा घाल, मधे मामंजींची धोतरे घाल. म्हणजे पोरांच्या अंगावर दोघांचीही सावली राहील.” आम्ही डोळे पुसून होय म्हटले. लुगडी आणि धोतरे एका जुन्या चादरीत बांधली आणि ते गाठोडे माळ्यावर ठेवले.

ते तेथे १२ वर्षे राहिले.

आमच्यापाशी वेळ नव्हता, असे आम्ही सर्वांस सांगत असू. ते खरे नव्हते. दुपारचा अर्धा तास सासूबाईंस होता तसा आम्हांसही होता. नव्हती ती जागा. आणि जागा तरी नव्हती असे कसे म्हणावे? खोली तीच होती. परंतु सासूबाईंच्या मागे त्या खोलीत गिऱ्हाइकांची न नेलेली कापडे, कातरणाची पोती, मोडकी इस्त्री, रिकामी रिळे, “कधीतरी उपयोगी पडेल” म्हणून ठेवलेली नाना वस्तूंची रास साचत गेली. एक गोधडी पसरावयाची तर अर्धा दिवस आवराआवर करावी लागे, आणि अर्धा दिवस कधीच सापडत नसे. दर दिवाळीस माळा झाडताना आम्ही ते गाठोडे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवीत असू आणि यंदा नक्की असे म्हणत असू.

२००३ साली थोरल्या पुतणीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे ठरले, तेव्हा गाठोडे खाली काढले. गाठ सोडली तेव्हा घरातील सर्व बायका भोवती उभ्या होत्या. उंदरांनी हिरव्या लुगड्यात घर केले होते. माळ्याचे पत्रे कधीतरी गळले असावेत, कारण एक इरकली आणि धोतरे ओल लागून एकमेकांस चिकटली होती व त्यांवर काळे ठिपके पडले होते. दुसरे इरकली वरून चांगले दिसले. हाती घेऊन उलगडले तर घडीघडीवर उभे चिरत गेले. सुती कापड एकाच घडीत वर्षानुवर्षे दाबून ठेवले की घडीवर विरते, हे शिंप्याच्या घरातील माणसास कोणी सांगावयास हवे का? केवळ जांभळे लुगडे, सर्वांत जुने आणि सर्वांत मऊ, तेवढे कसेबसे राहिले होते. आमच्या धाकट्या वन्सं तेथेच बसल्या. त्या रागावल्या नाहीत. “वहिनी, मला का नाही दिलेत?” एवढेच म्हणाल्या. “मी नेले असते.”

चार गोधड्यांच्या ठिकाणी बाळांची चार दुपटी झाली. ती आम्ही शिवली, चौघांकडे पोहोचवली, सर्वांनी गोड मानून घेतली. तथापि भगिनींनो, दुपटे हे दुपटेच. मूल दोन वर्षांचे झाले की त्याचे पाय त्याबाहेर येतात.

त्यानंतर आम्ही गोधडीचा विचार भावनेने करण्याचे सोडून हिशेबाने केला. तो हिशेब आपल्यापुढे ठेवतो. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब, पन्हा साधारण ४५ इंच. त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, म्हणजे लुगड्यास दंड घालतो त्याप्रमाणे, की पावणेसात फूट बाय साडेसात फुटांचा एक थर होतो. एका लुगड्यात असे दोन थर. दोन माणसांची गोधडी याहून मोठी नको. हल्लीची गोल साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फुटांची. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे, म्हणून दोन साड्यांत तीन थर. कडा दुमडून, शिवण जाऊन लुगड्याची गोधडी साडेसहा बाय सव्वासात फूट उरते. तिच्यावर दीड-दीड इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर सर्व ओळी मिळून सुमारे ३७५ फूट, म्हणजे १२५ वार शिवण होते. आकडा ऐकून घाबरू नये. जमलेल्या हाताने चार थरांतून अर्ध्या तासात बारा-तेरा फूट शिवण सहज होते. म्हणजे ३० दुपारी. एक महिना!

आता याच हिशेबात पसारा घालून पाहावा. अर्ध्या तासापैकी दहा मिनिटे अंगुस्तान शोधण्यात, पाच मिनिटे खाटेवरील कपडे हलविण्यात आणि पाच मिनिटे गुंतलेला दोरा सोडविण्यात गेली, तर शिवणास उरली दहा. मग ३० दुपारींच्या ९० होतात. तीन महिने एकच काम हाती राहिले की मधे एखादे लग्न येते, आजारपण येते, मुलांच्या परीक्षा येतात. गोधडी गुंडाळली जाते ती पुन्हा निघत नाही. सासूबाई केरसुणी हाती का देत असत ते आम्हांस असे वयाच्या पन्नाशीत उमगले. त्या आज आवरीत नव्हत्या, उद्याचा अर्धा तास राखून ठेवीत होत्या.

आता कापडाविषयी. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण घरात जे जुनेर होते ते सुतीच होते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या, पॉलिएस्टरचे कापड घरोघर आले, आणि आज कपाटातील दहा जुन्या साड्यांपैकी सुती किती निघतील हे आपणच मोजून पाहावे. पॉलिएस्टर घाम शोषीत नाही आणि सुताबरोबर शिवले तर धुतल्यावर सूत आटते, ते आटत नाही. गोधडीस सुरकुत्या पडतात. पोत हाताने कळला नाही तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुताचा धागा कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. जाळतांना पदर सांभाळावा, हे वेगळे सांगावयास नको. मुलांचे जुने बनियन व टी-शर्ट घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. ते कापड विणलेले असल्याने ओढले जाते, थर सरळ राहत नाही. ते फरशी पुसण्यास उत्तम. गडद रंगाचे कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावे. फडक्यास रंग लागला तर ते कापड दोन-तीन पाण्यांतून काढल्याखेरीज थरात घेऊ नये. एका बाळंतिणीच्या गोधडीत लाल खणाचा तुकडा हौसेने घातला आणि पहिल्याच धुण्यास धोतराचा पांढरा थर गुलाबी झाला, असा पराक्रम आमच्या हातून घडला आहे.

सर्व कापड धुऊन, खळ काढून, कडकडीत उन्हात वाळवून घ्यावे. जरीचे काठ उतरवावेत. जर बोचते आणि सुईही अडवते. थर लावण्याची जमीन आधी झाडून पुसून घ्यावी, कारण थरांत सापडलेला खडा मग कायमचा आत राहतो. सर्वांत खालचा थर उलटा पसरून त्याचे चार कोपरे वजनाने दाबावेत (आम्ही इस्त्री, पाटा आणि दोन वरवंटे घेतो), मग एकेक थर तळहाताने मध्याकडून बाहेर सपाट करीत जावा. आता एक महत्त्वाची गोष्ट. आमच्या घरची रीत कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालीत आत जाण्याची आहे. दिसावयास ती फार देखणी. परंतु या रीतीत सैल कापड ओळीगणिक मध्याकडे सरकत जाते आणि शेवटी मधोमध पोळीसारखा फुगा येतो. म्हणून कच्चे टाके घालावयाचे ते याच्या उलट, मध्यापासून चार दिशांस, वीत-वीत अंतरावर. कच्च्या टाक्यांचा आळस केला तर पक्के टाके उसवावे लागतात. दोरा हातभराहून लांब घेऊ नये. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते असे वाटते, पण तो गुंततो, आणि गुंता सोडवताना जो जीव खालीवर होतो त्याने शिवण बिघडते ते निराळेच.

इतके झाले की गोधडी गुंडाळता येते. पहिल्या दिवसानंतर जमिनीची गरज उरत नाही. मांडीवर हातभर भाग उलगडून बसले की झाले. म्हणजे खरी मोठी जागा लागते ती एकच दिवस. हा मुद्दा आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या अनेक भगिनी आता पुण्या-मुंबईस दोन खोल्यांच्या घरात राहतात व शिवणाची खोली हा शब्द ऐकून सुस्कारा टाकतात. आमच्याकडे आज शिवणाची खोली नाही. दुकान २०११ साली बंद केले. तयार कपड्यांपुढे टिकाव लागला नाही, ती कथा या सभागृहातील प्रत्येक घराची आहे. त्या जागेत मुलाने मोबाइल दुरुस्ती चालू केली. आमच्या वाट्यास सहा फूट बाय आठ फुटांचा कोपरा आला, आणि गंमत अशी की त्या कोपऱ्यात आम्ही ज्या गोधड्या शिवल्या तितक्या पूर्वी सबंध खोलीत शिवल्या नव्हत्या.

त्या कोपऱ्याची रचना फार थोडक्यात सांगतो. भिंतीशी मशीन. उजेड डाव्या हाताने येईल असे, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्या मुलीने उलट बसावे. मशिनीवर एक खुंट्यांची फळी, तीवर कात्र्या, टेप आणि गुंडाळलेली चालू गोधडी. चालू गोधडी एकच. दुसरी सुरू करावयाची नाही, मग पुतणीने कितीही सुंदर तुकडे पाठवोत. खाली तीन पत्र्याचे डबे. पहिल्यात धुतलेले, थरात जाण्याजोगे कापड. दुसऱ्यात वीतभर किंवा त्याहून मोठे तुकडे, ठिगळांसाठी व कोपऱ्यांसाठी. तिसऱ्यात बारीक कातरण, ते उशीत भरावयाचे. चौथा डबा नाही. जे तिन्हींत बसत नाही ते घराबाहेर जाते. हा नियम पाळताना आम्हांस पहिल्या वर्षी अक्षरशः रडू आले, कारण शिंप्याच्या घरात चिंधी टाकणे म्हणजे अन्न टाकण्यासारखे. पण उंदरास घर करून देण्यापेक्षा चिंधी टाकणे बरे. डब्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो, आणि दर सहा महिन्यांनी लुगडी उलगडून निराळ्या घडीवर पुन्हा घालतो. माळ्यावर कापड ठेवीत नाही.

मशिनीस दर आठवड्यास तेल द्यावे, बॉबिनखालचा तंतूंचा कचरा ब्रशाने काढावा, आणि रात्री सुईखाली सुती चिंधी ठेवून झाकण घालावे, म्हणजे ठिबकणारे तेल चिंधी पिते व सकाळी नव्या कापडावर डाग पडत नाही. हे आपले वडीलधारे करीतच आले आहेत. कात्रीबद्दल मात्र आमची या घराघरांतील पुरुषवर्गाविरुद्ध तक्रार आहे. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये हे ज्यांनी जन्मभर नोकरांस बजावले, तेच घरी आल्यावर त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापतात! आम्ही कात्रीच्या मुठीस लाल दोरा बांधला आहे. उपयोग झालेला नाही.

सुईविषयी बोलावयाचे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. १९७९ सालची गोष्ट. आमचा धाकटा तेव्हा ११ महिन्यांचा, रांगत असे. संध्याकाळी घाईघाईत आम्ही काजाची सुई सतरंजीत टोचून उठलो, पाहुणे आले, विसरलो. मुलाच्या गुडघ्यात ती सुई शिरली आणि अर्धी आत मोडली. क्ष-किरणांचा फोटो काढून, भूल देऊन, शस्त्रक्रियेने तो तुकडा काढावा लागला. सासूबाई त्या वेळी माहेरी गेल्या होत्या. नाहीतर त्यांनी ती सुई मोजणीत चुकू दिली नसती. मामंजी दवाखान्याच्या बाकावर रात्रभर आमच्याजवळ बसून होते. ते बोलले काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दुकानातील लोहचुंबक दोरीस बांधले आणि सतरंजीवरून, मग सबंध खोलीतून, ते स्वतः ओढीत फिरले. चार टाचण्या आणि एक दुसरी सुई निघाली. त्यांनी ती आमच्या तळहातावर ठेवली. मुलाच्या गुडघ्यावर तो व्रण अजून आहे. तो आता ४७ वर्षांचा आहे आणि हा प्रसंग आम्ही भाषणात सांगणार म्हणून आमच्यावर रुसलाही आहे.

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यांत असा नियम असतो की सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे शोधून, जुळवून, कागदावर चिकटवून दाखविल्याशिवाय कारागिरास नवी सुई मिळत नाही. तयार माल धातुशोधक यंत्रातून जातो. आमच्या भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. परदेशातील अनोळखी मुलाच्या अंगात सुई शिरू नये म्हणून जी दक्षता कारखाना घेतो, ती आपल्या घरातील रांगत्या मुलासाठी आपण घ्यावी, यात अधिक काय आहे? आणि गोधडीत तर धोका दुप्पट. फरशीवरची सुई दिसते तरी. चार थरांत राहून गेलेली सुई दिसत नाही, आणि त्या थरांवर कोणीतरी गाढ झोपणार असते.

म्हणून शिवण संपले की सुया मोजाव्यात. आम्ही लोकरीच्या लाल तुकड्यात ओळीने टोचून ठेवतो. एक जागा रिकामी असली की लांबून कळते. गोधडी पुरी झाल्यावर तिच्या दोन्ही बाजूंवरून चुंबक फिरवावे, आणि मगच ती धुवावी.

एक गोष्ट जाता जाता. शहरांत आता गोधडीस मागणी आली आहे व दुकानांत तिला चांगली किंमत पडते, ही आनंदाची गोष्ट होय. आमच्या ज्ञातीतील काही भगिनींनी हे काम घेतलेही आहे. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, मजुरी ठरवताना ३७५ फुटांचा हिशेब समोरच्यापुढे कागदावर मांडावा. “घरबसल्या रिकाम्या वेळचे काम” असे म्हणून जो भाव पाडतो, त्याच्या हाती सुई द्यावी आणि एक ओळ घालून दाखवा म्हणावे.

चहानंतर सभागृहाच्या मागील बाजूस आम्ही चार थर पसरून ठेवले आहेत. सर्वांत वर जांभळ्या लुगड्याचा जो पाऊण वार उरला होता, तो मधोमध ठिगळ म्हणून लावला आहे. बाकीचे कापड आपणच भगिनींनी आणलेले आहे. ज्यांस इच्छा असेल त्यांनी एकेक ओळ घालावी. गोधडी पुरी झाली की ती धाकट्या वन्संकडे जाईल, हे त्यांस अजून ठाऊक नाही. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आता कळले. लाल तुकड्यात २४ सुया आहेत. घेताना नाव सांगून घ्याव्यात, आणि जाताना आमच्या हाती परत मोजून द्याव्यात.